खाचेतलं कुलूप

नाही, तशी नाही धरायची — द्या इकडे ती प्लेट. आडवी, दोन्ही हातांनी, श्वास रोखून. थेंब हलला की त्यातला क्रिस्टल गेला. तुमच्याकडे हे शिकवत नाहीत? नसतीलच शिकवत, तुमच्याकडे सगळे डॉक्टर, हात एकालाही नाही. बसा त्या स्टुलावर आणि कशाला हात लावू नका. तर मॅडम, तीन वर्षं झाली, आमच्या प्रोटीनचे क्रिस्टल तुमच्या लॅबमध्ये बनत नाहीत, दुसऱ्या कुठल्या मार्गानं बघावं तर आमच्या सरांनी दाखवलेलं कुलूप दिसत नाही, आणि त्या कुलपावर तुमची पीएचडी टांगलीय — एवढंच ना? एवढ्यासाठी आठ तासांचा प्रवास. सर मीटिंगमध्ये आहेत. ते येईपर्यंत तुमच्या नशिबी मी.

मी कोण? टेक्निशियन. म्हणजे डिग्री नाही, म्हणजे मला काही कळत नाही, म्हणजे माझ्यासमोर सगळं बोललेलं चालतं. पण हे प्रोटीन काय करतं ते तुम्ही मला समजावू नका — बावीस वर्षं मी ते गाळून शुद्ध करतेय. पेशीच्या न्यूक्लियसच्या आत मेसेंजर आरएनए तयार होतो, तो बाहेर पडल्याशिवाय त्याचा कुणाला उपयोग नाही, आणि त्याला भिंतीतल्या छिद्रातून बाहेर काढणारी ही दोघं. एक लांबलचक, चार-पाच गाठोडी एका दोरीला बांधल्यासारखं. दुसरं चिमुकलं, त्याच्या कुशीत शिरलेलं. मोठं एकटं गाळायला गेलात तर दुधासारखं फाटतं, लहान सोबत असलं की गुण्यागोविंदानं राहतं — संसारच आहे तो. त्या छिद्रात चिकट धागे लोंबत असतात, आणि मोठ्याच्या अंगावर एक खाच आहे. ती खाच धाग्यांना धरते, सोडते, धरते, सोडते, असं करत पलीकडे जायचं. झालं. सर हेच दोन तास सांगतात आणि मागच्या दोन रांगा झोपतात.

आता तुमचं कुलूप. आमच्या क्रिस्टलमध्ये त्या खाचेत काहीतरी बसलेलं दिसलं. सरांनी मान तिरपी करून पडद्याकडे पाहिलं — असं पाहिलं की समजायचं, आता भाषण येणार — आणि म्हणाले, हे प्रोटीनचंच टोक आहे. हातात आरएनए नसेल तेव्हा ते वळून आपल्याच खाचेत बसतं, कुलूप लागतं, रिकाम्या हातानं कुणी बाहेर जाऊ नये म्हणून. काय सुंदर ना? टाळ्या, केक, मासिकाच्या मुखपृष्ठावर रंगीत चित्र. ज्या थेंबातल्या क्रिस्टलमध्ये ते कुलूप दिसलं तो थेंब कुणी घातला, हे मात्र शेवटच्या आभारातही नाही.

बघू तुमची कृती. हं. हं. अक्षर बरं आहे. रोबोटनं थेंब घातले — घाला. मी मांजरीच्या मिशीनं क्रिस्टलची बी पेरते. बहिणीच्या मांजरीची, गळलेली, उपटलेली नव्हे. पुढे... बघा, इथं मार खाल्लात. शेपटी कापली. गाळताना धरायला सोपं जावं म्हणून आपण प्रोटीनला सहा हिस्टिडीनची, एकाच जातीच्या सहा मण्यांची, शेपटी जोडतो ना, ती कापून टाकलीत. सरांच्या पेपरात लिहिलंय म्हणून? पेपर सर लिहितात. कापलेल्याचे क्रिस्टल बनतच नाहीत, मी नंतर अकरा वेळा करून पाहिलंय. ते मुखपृष्ठावरचे क्रिस्टल आले त्या आठवड्यात शेपटी कापायचं एन्झाइमच मेलं होतं — डीप फ्रीजरचं दार नीट लागलं नव्हतं, कुणाकडून राहिलं ते जाऊ द्या, शेवटी बाहेर पडले ती मी होते एवढं खरं — आणि सर तासातासाला विचारत होते, क्रिस्टल आले का. कापलं का, असं एकानंही विचारलं नाही. म्हणून शेपटीसकट तसंच थेंबात घातलं. लपवलं नाही हं, मी वहीत खोटं लिहीत नाही. ही बघा: ‘शेपटी कापली नाही. थेंब चार, सात, नऊ — क्रिस्टल.’ खाली तारीख. सात वर्षं ही वही त्या फळीवर आहे, या खोलीतून वीस हुशार माणसं डॉक्टर होऊन गेली, एकाला उघडावीशी वाटली नाही.

पेन का थांबलं?

हो. तेच. उशिरा का होईना, ट्यूब पेटली तुमची. प्रोटीनच्या स्वतःच्या टोकाला ओळीनं सहा हिस्टिडीन नाहीत, आणि पडद्यावर खाचेत बसलेल्या त्या तुकड्याला तर सहा उंचवटे होते, एकासारखे एक, मी मोजले. कुलूपबिलूप काही नाही, आपणच जोडलेली शेपटी खाचेत अडकून बसलीय. सांगायला गेले होते ना. सर म्हणाले, ‘ताई, तुम्ही प्लेटा सांभाळा, अर्थ आम्ही लावतो.’ म्हटलं, लावा. तीन लॅब त्या कुलपाची किल्ली शोधतायत, मला गंमत वाटायची — आणि पुन्हा सांगायचं तर आधी फ्रीजरच्या दाराचं सांगावं लागलं असतं, म्हणजे त्यांची चूक झाकून सगळे माझ्यावरच तुटून पडले असते, ते मला...

रडू नका, मायक्रोस्कोपची काच धुरकटते. तीन वर्षं गेली, आयुष्य नाही गेलं. काय? त्या पानाचा फोटो? फोन खाली ठेवा. मी सरांसमोर सांगायचं? मॅडम, तुम्ही तुमच्या गावी निघून जाल, मला निवृत्तीपर्यंत अजून नऊ वर्षं इथंच काढायची आहेत. क्रिस्टल कसे येतात ते विचारलंत, ते सांगितलं, संपलं. द्या ती वही. द्या म्हणते ना —

या सर, या. नाही, काही विशेष नाही, मॅडमच्या कृतीत काय चुकतंय ते बघत होते. पाणी, सर. त्यांच्याकडचं पाणीच खराब असणार, दुसरं काय. ही? ही जुनी वही, रद्दीत काढलीय. हो, निघाल्याच त्या. लिफ्ट डाव्या हाताला आहे, मॅडम.