गच्चीवरच्या डब्यातलं पाणी

बसच्या रांगेत माझ्या पुढे बापलेक उभे होते. मुलगी प्रयोगशाळेतून धावतच आली होती.

"बाबा, आपल्या गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा रिपोर्ट आला! शिसं जवळजवळ नाहीच!"

"अगं, हळू! माझ्याकडेही बातमी आहे."

"आधी माझी! मला वाटलं मशीनच बिघडलं. पुन्हा पुन्हा तपासलं. मॅडम खुर्चीतून उठल्याच!"

"त्या आपोआप उघडणाऱ्या डब्यातलं ना?"

"तेच! पावसाचा थेंब पडला की झाकण उघडतं, एरवी बंद. म्हणजे गच्चीवरची धूळ नाही, पावसाबरोबर हवेतून उतरेल तेवढंच. गेल्या वर्षी केवढं शिसं होतं, बाबा!"

"तरीच आई म्हणते, हल्ली वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसत नाही."

"बघा! आता तुमची सांगा."

"साहेबांचा फोन होता. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवायची आमची भट्टी सोमवारी परत पेटतेय. मला बोलावलंय, तेही मुकादम म्हणून! इतके महिने घरी बसून नुसता वैतागलो होतो गं."

मुलीनं हातातल्या रिपोर्टची घडी घातली.

"काय झालं? मशीन खरंच बिघडलंय का?"

"नाही बाबा. मशीन बरोबर सांगतंय."

"हं."

"छान झालं, बाबा. खरंच."

"बस आली, चढ. आणि तो डबा काढू नकोस गच्चीवरून."