कप धरलेला हात

विनिपेगच्या बसथांब्यावर कॉफीच्या जाहिरातीपुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

“कप धरलाय ना, तो हात आमच्या तारासचा.”

“नुसत्या हातावरून कसं गं ओळखलंस, ल्युबा?”

“अंगठ्यापाशी कुत्रा चावल्याचा वण आहे बघ.”

“मग मेल्यांनी तोंड का कापलं?”

“तोंड दिसलं की लोक तोंडच बघतात म्हणे. कपाकडे कोण बघणार.”

“अख्खा फोटो मागून घे की. पोरगा गेला, आणि मोठेपणीचा एक फोटो नाही तुझ्याकडे.”

“मागितला. पाठवलासुद्धा त्यांनी.”

“मग?”

“कपावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. मागे तारास नुसता धुरकट.”

“बस आली गं. चल.”

“तू हो पुढे. उद्या ही जाहिरात इथून काढून टाकणार आहेत.”