ताऱ्यात तांबं कुठं हाय?

...अन् वरून लोक मलेच म्हणतात, "घनश्याम, तू चुकला!" काहून चुकलो? तुम्हाले सांगतो, चाळीस वर्षं झाली, दारव्ह्यात जळलेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून भरून राह्यलो. विहिरीवरच्या, गिरणीच्या, कोणाच्याबी. मोटर आली का उघडायची अन् पहिले पाहायचं, तांबं कुठं हाय? तांब्याची गुंडाळी धड, तर मोटर धड. चौथी शिकलो, पण हे मले कोणी शिकवू नये!

आता आमची अपेक्षा. एकुलती एक पोरगी. पुण्याले ताऱ्यांचा अभ्यास करते, तेबी मेलेल्या ताऱ्यांचा! जित्ते काय कमी होते? गावच्या शाळेनं तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पडद्यावर चित्रं, समोर अख्खं गाव, अन् मी पहिल्या खुर्चीवर, इस्तरीचा सदरा घालून. पोरगी उभी राह्यली, काय बोलत होती! "मोठा तारा मरतो, आकसतो, वीस किलोमीटरचा गोळा उरतो. पण तो गोळा म्हणजे जबरदस्त चुंबक, आणि सेकंदाला तीस वेळा फिरतो." मी मनात हिशेब केला, मिनिटाले अठराशे! आपली गिरणीची मोटर चौदाशे चाळीस! छाती अशी फुगली, जसा काही तारा मीच भरून देल्ला.

मंग म्हणते, "चुंबक फिरतो, म्हणून प्रचंड वीज तयार होते. ती ताऱ्याच्या अंगावरचे कण उपटते, पळवते, आणि वाकड्या वाटेनं पळता पळता ते कण गॅमा किरण फेकतात, एक्स-रेपेक्षा जहाल. तारा फिरला की तो झोत आपल्यावरून जातो, अँब्युलन्सच्या दिव्यासारखा."

वीज तयार होते? गुंडाळीबिगर? मले राहवलं नाही, उठलो, अन् भर सभेत विचारलं, "ते सारं ठीक हाय, बाई. तांबं कुठं हाय?"

उकंडा, ज्याच्या गिरणीची मोटर मी तीनदा भरली, तो मागून वरडला, "काका, तारा दुकानात आणू का? भरून द्या!" सारे हसले. पोरगी समजावते, "बाबा, तिथं तार लागत नाही. तारा स्वतःच..." मी म्हटलं, "गुंडाळी नाही तर वीज नाही. बस खाली."

बस खाली! तिच्याच सत्कारात! अन् बसली ना ती. चित्र तसंच राह्यलं पडद्यावर. नारळ टेबलावर ठेवला अन् दुपारच्या गाडीनं, जेवल्याबिगर, गेली. दर रविवारी फोन यायचा. सहा महिने झाले, आईले येते, मले नाही.

आई, म्हणजे आमची कोकिळा, ते का गप बसते? "तुमची अक्कल गुंडाळीतच अडकली! पोरगी खोटं बोलीन कायले?" कायले बोलीन? तेच डोक्यात फिरत राह्यलं, अठराशेच्या गतीनं. शेवटी एक दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढलं, कोणी पाहू नये म्हणून. जुन्या भोंग्यातला गोल चुंबक काढला, त्यावर तांब्याची चकती चिकटवली, मधून बोल्ट घातला, ड्रिलमध्ये आवळून फिरवला. मीटरचं एक टोक मधी, एक काठाले. गुंडाळी नाही, एक वेढा नाही...

काटा हलला.

केसाएवढा. पण हलला, तुम्हाले सांगतो! मंग मी बसलो खाली.

कोकिळेनं फोन लावून हातात देल्ला. "म्हणा, चुकलो. किती वेळ लागते?" पलीकडून आवाज, "बोला, बाबा." म्हटलं, "अपेक्षा, काटा हलला. गुंडाळीबिगर." एकच शब्द बाकी होता, जिभेवर होता... अन् माह्या तोंडानं काय म्हणावं?

"पण चकती तांब्याचीच होती."

"बरं, बाबा." ठेवला.

तिचा तो मेलेला तारा साडेसहा हजार वर्षांच्या वाटेवरून किरण धाडते. मले दारव्ह्याहून पुण्याले एक शब्द धाडता येत नाही. ती म्हणत होती, किरण फेकता फेकता तारा रोज जरासा मंद होते, फिरणंच खर्ची पडते त्याचं. आता मीबी... जाऊ द्या. कोणाची मोटर जळली का? आणा. तांबं भरपूर हाय.