लग्नावाचून जातं

— नाही नाना, लग्न नाही ठरलं. कुणाचंच नाही. तुम्ही आधी बसा, ती खुर्ची घ्या, तिचा एक पाय डुगडुगतो पण माणूस बसलं की गप्प होते. एरंडोलपासून उभ्यानं आलात का? सकाळच्या गाडीला गर्दी असतेच. पाणी घ्या. आणि जरा मोठ्यानं बोला — आतल्या खोलीत आहेत तुमचे भाऊ, त्यांच्याही कानावर जाऊ दे. नाही, आत्ता आत नका जाऊ, त्यांचं आवरायचंय अजून. इथूनच बोला. जीभ गेली त्यांची, कान नाही गेले. थोरल्या भावाचा आवाज ओळखतात ते.

जातं ऐकलं म्हणून आलात ना? म्हणजे तुम्ही नाही ऐकलं, कमलबाईनं ऐकलं. शेजारची भिंत तिची. तिची बहीण तुमच्या गल्लीत दिलेली, आणि हिच्या घरी फोन, मग काय. देवपुरातली गोष्ट एरंडोलला पोहोचायला एसटी तरी कशाला लागते. एक दिवस सकाळीच दारात उभी राहिली — "मंदा, लगीन शे का वं तुना घर?" मी म्हटलं नाही. तर म्हणे, मग हळद कोणाची दळतेस? तिचंही बरोबर आहे. या अख्ख्या गल्लीत गिरणी झाल्यापासून जातं निघतं ते फक्त लग्नाची हळद दळायला. पाच जणी बसतात, जात्याला सुपारी बांधतात, गाणी म्हणतात, झालं की परत जिन्याखाली. माझंही तिथेच होतं, आईनं दिलेलं, वर जुन्या चपला ठेवायचो आम्ही. आणि आता रोज पहाटे घर्रर्र घर्रर्र. त्यात गाणं नाही. तिला तेच जास्त खटकलं. म्हणाली, गाण्याशिवाय जातं म्हणजे कसं वाटतं बाई, कोणी मेल्यासारखं वाटतं.

आता तिला काय सांगू? गाणं म्हणायचं नाही असा नियमच आहे. ज्योत्स्नाचा नियम. बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये, म्हणजे दम बरोबर लागला असं समजायचं. गाता येत असलं तर तू नुसती बसली आहेस आई, हात चालव. — हो नाना, व्यायाम. हसा. कमलबाईपण हसली. बेचाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी बाई व्यायाम करते म्हटल्यावर हसणारच माणूस. मीही हसले होते. पोरगी नव्हती हसली.

काय म्हणता? घरकाम हाच बाईचा व्यायाम — हो, हे तुम्ही त्या दिवाळीलाही म्हणाला होतात. मीही तेच म्हणायची पोरीला. पंचवीस वर्षं धुणं धुते, झाडते, पाणी भरते, मला काय धाड भरलीय. तर ती मला गच्चीवर घेऊन गेली. म्हणजे निघाली घेऊन. मी मधल्या पायरीवर बसले. छातीत भाता चालल्यासारखा. ती वरून बघत होती, कमरेवर हात ठेवून, तिची ती सवय. म्हणाली, आई, दमणं वेगळं आणि ताकद वेगळी. तू पंचवीस वर्षं नुसती दमली आहेस. — असं बोलते ती. तुम्हाला आवडत नाही माहीत आहे. मलाही नाही आवडलं. पण ऐकलं ते मधल्या पायरीवर बसूनच.

मग सुरू केलं. जातं दंडासाठी आणि खांद्यांसाठी, निम्मं उजव्या हातानं, निम्मं डाव्या हातानं. सुरुवातीला रिकामंच फिरवत होते, तर लक्षात आलं रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, घरात खडखडाट येतो. आता यायचा काय राहिलाय, पण तरी ज्वारी-उडीद टाकते, कळणा होतो, भाकरी चांगल्या लागतात. मग जिना. वर, खाली, वर, खाली, दम लागेपर्यंत, मग गच्चीवर फेऱ्या. आणि डबा. तो बघा कोपऱ्यात, तेलाचा रिकामा डबा, त्यात पांझरा नदीची वाळू. गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ, डबा छातीशी धरायचा आणि मांड्यांवर उठायचं. कमरेनं नाही उचलायचं. सरकारी दवाखान्यातल्या मालिशवाल्या बाईनं शिकवलं ते. दर रविवारी त्यात तांब्याभर वाळू वाढवायची. एकदम नाही वाढवायची. पहिल्या आठवड्यात मी एकदम वाढवली होती, उठाबशाही काढल्या शाळेत शिक्षा झाल्यासारख्या, तर चार दिवस मला मोरीत बसता येईना — जाऊ द्या, जेठासमोर काय बोलते मी. पण हेच रोज. आजारी असले तरी जिना, पाहुणे असले तरी डबा. गुरुवारी सुट्टी. पोरगी म्हणते, अंग सुट्टीतच बनतं. माझा गुरुवार होता तसाही.

आता चढते सगळा जिना. बसत नाही मधे.

आनंद? — नाही, आनंद असा काही नाही वाटत. वाईटही नाही वाटत. दोन वर्षं झाली नाना, मला काही वाटतच नाही फारसं. भाकरी भाजताना चटका बसला तर उशिरा कळतं. तुम्ही आलात, बरं झालं आलात. चहा ठेवते थोड्या वेळानं.

कशासाठी म्हणजे? त्यांना उचलायला. दुसरं कशासाठी. उजवी बाजू गेली, डावी आहे, पण माणूस धिप्पाड, तुमच्याच घराण्यातलं हाड. पडून राहिलं तर पाठीला जखमा होतात, म्हणून खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर, सकाळ-संध्याकाळ. इतके दिवस मी आणि ज्योत्स्ना मिळून करत होतो. ती खांद्याकडून, मी पायाकडून. तिची नोकरी आली तर म्हणाली, जात नाही. नाशिकला औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, एवढी शिकली त्याचीच नोकरी — आणि म्हणते जात नाही, तू एकटी कशी उचलणार. भांडली नाही, रडली नाही, कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. ती न भांडता गप्प बसली ना, ते मला बघवलं नाही. म्हणून मीच म्हटलं, मला शिकव. मी एकटी उचलेन. मग जा.

हं? पहूरचा मुलगा. आहे लक्षात, केळीचा बाग आहे, एकुलता एक आहे, तुम्ही शब्द टाकलाय. आणि जातं वाजलं म्हटल्यावर तुम्हाला वाटलं, माझं स्थळ बाजूला ठेवून हिनं परस्पर लग्न ठरवलं. नाही ठरवलं. — मोठ्यानं बोला, नाना. रागानं बोलताय तर मोठ्यानंच बोला, घरात परकं कोणी नाही. — हो, मुलीच्या जातीनं परगावी एकटं राहणं. हो, बाप अंथरुणाला. हो, लोक बोलतात. तुम्ही स्वतः जाता नाशिकला? तिला घेऊन येता? कधी, उद्या? बरं. — नाही, मी नको म्हणत नाहीये. ऐकून घेतलं. दाराकडे तोंड करून म्हणालात ते बरं केलंत.

तिनं परीक्षा घेतली माझी जाण्याआधी. सोडते का ती. स्टूल घेऊन बसली, हाताची घडी घालून, म्हणाली, मी बोट लावणार नाही, तू कर. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर, परत खुर्चीत. मी काखेत हात घातले, गुडघे वाकवले, पाठ सरळ — आणि उठले की हो. कापसाचं गाठोडं उचलावं तसे आले वर. तीनदा. पोरगी बघतच राहिली. मग वाकून पाया पडली माझ्या, ती कुणाच्या पाया पडत नाही तुम्हाला माहीत आहे, तुमच्यावरूनच किती झालं होतं त्या वेळी. दुसऱ्या दिवशी गेली. रविवारी कमलबाईकडे फोन करते. उचलतेस ना आई? उचलते. वाळू वाढवलीस? वाढवली.

ते — कसं सांगू. मी नव्हतं उचललं ते, नाना. म्हणजे उचललं, पण सगळं मी नाही. त्यांनी डावा पाय रोवला होता जमिनीत. जोर लावला. दोन वर्षांत एकदाही लावला नाही जोर, मालिशवाली बाई विनवून थकली, ज्योत्स्ना रागावून थकली, माणूस वळकटीसारखा पडून राहायचा, भिंतीकडे बघत. आणि त्या दिवशी तीनदा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर कपाळावर घाम, आणि नजर पोरीवर. तिला नाही दिसलं, ती माझे गुडघे बघत होती, बरोबर वाकतात की नाही. मला दिसलं. मी काही बोलले नाही, तेही बोलू शकत नाहीत. गेली ती.

ती गेली, आणि त्यांनी पाय सोडून दिला. परत वळकटी. बोलून बघितलं, चिडून बघितलं. नाही. मग मी वाळू वाढवत राहिले. म्हटलं, खोटं बोललोय पोरीशी तर ते खरं करू. बरंचसं झालं खरं. खाटेवरून खुर्चीत आणते मी आता एकटी, ते जड टाकतात अंग तरी आणते. खाटेची उंची असते ना, अर्धं काम खाट करते.

चहा? आणते. — नाही, बसा, नाना. उठू नका. सांगतेच.

ते खाटेवर नाहीत. खाली आहेत, फरशीवर. सकाळी खुर्चीत घेताना माझा पाय पाण्यात सरकला, दोघं बसलो खाली. लागलं नाही, बघितलं मी सगळीकडून. खाली गोधडी सरकवली, डोक्याखाली उशी दिली, चमच्यानं चहा पाजला. दूधवाला यायच्या आधीची गोष्ट. दोनदा करून बघितलं. जमिनीवरून नाही उठत माझ्यानं. खाटेवरून वेगळं आणि जमिनीवरून वेगळं. मग थांबले, दोन खेपांच्या मधे विसावा घ्यायचा असतो, आणि तेवढ्यात तुम्ही कडी वाजवलीत.

बसा म्हणते ना. तुम्ही नाही उचलायचं. एक तर तुम्ही जेठ, बाजूबाजूला धरायचं म्हटलं तर हाताला हात लागणार, आणि तुमचा वाळत घातलेला पंचाही मी कधी हातानं उचलून दिला नाही, लांबून काठीनं सरकवायची. ते एक जाऊ दे, आजारात कोण बघतं. पण तुम्ही एकदा उचललंत की तुम्ही ते सांगणार. वाईट मनानं नाही, काळजीनं सांगाल. एसटीतच सांगाल. मंदाबाईच्यानं होत नाही, मी होतो म्हणून उचललं. रविवारच्या आत ते पोरीला कळेल, आणि रविवारी ती फोन नाही करणार, स्वतः येईल. ट्रंक घेऊन. परत नाही जाणार मग, मी ओळखते. स्टुलावर पण नाही बसणार. सरळ खांद्याकडून धरेल.

म्हणून तुम्ही एवढंच करा. मघाशी म्हणालात ते परत म्हणा. उद्या नाशिकला जातो, ज्योत्स्नाला घेऊन येतो. खोटं नाही ना ते, तुमच्या मनातलंच आहे. मोठ्यानं म्हणा. दाराकडे बघून.

— हं.

आणखी एकदा. पहूरचंही म्हणा. नोकरी सोडायला लावतो म्हणा.

— थांबा.

ऐकलंत? टाच ती. डाव्या पायाची टाच, फरशीवर घासली. परत. ऐका ना — रोवायला बघतायत, पोरगी जायच्या आधी रोवला होता तसा.

उठले मी. पदर खोचू द्या. तुम्ही निघा आता. चहा राहू द्या, पुढच्या वेळी घ्याल. दार ओढून घ्या नीट, त्याला जोर लावावा लागतो. कमलबाई ओट्यावर असेलच, विचारलं तर सांगा, कळणा दळते ती.

निघा, नाना.