धोंडबाचं गाव कोणत्या राज्यात?

...नाही, आता तुमीच सांगा, माणूस राज्य सोडून जाते का राज्य माणसाले सोडून जाते? हसू नका राजेहो! आमच्या शेजारचा धोंडबा तीन महिने भेटंल त्याले हेच सांगत फिरला, "गाव जागचं हाललं नाही हो, राज्य हाललं!"

तुमाले सांगतो, धोंडबा म्हणजे मध्यप्रदेशातल्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनचा, कोळसा भाजायच्या भट्टीचा माणूस. पस्तीस वर्षं भट्टीसमोर उभा. उभा म्हणजे उभाच! घरी आला का शेवंतावहिनी म्हणे, "बसा ना जरा." तर हा म्हणे, "सवयच मोडली." पण मनात एकच आस... आपल्या घरातल्या कोणीतरी खुर्चीवर बसून काम करावं. वर पंखा, पुढं टेबल, अन् लोकांनी येऊन म्हणावं, "मॅडम, जरा देखिए ना." हे म्हणताना त्याचा आवाज असा मऊ होये, का आपल्यालेच कसंतरी वाटे.

अन् चौऱ्याण्णवात आली ना जाहिरात! मागासवर्गीयांच्या रिकाम्या पडलेल्या सरकारी जागा भरा म्हणे, आताच्या आता भरा! त्याची पोरगी शालू बी.ए., टायपिंग पास. धोंडबा बौद्ध, अन् बौद्धांले दिल्लीनं चार वर्षांआधीच अनुसूचित जातींच्या यादीत घेतलेलं. सगळं जुळलं! फकत जातीचा दाखला पायजे. अन् धोंडबा पुढच्या साली रिटायर, क्वार्टर खाली करा लागते, म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

गेलो मी अन् धोंडबा तहसीलच्या खिडकीवर. बाबूनं मान वर न करता इचारलं, "सन पचास में कहाँ रहते थे?" कावून, तर तेव्हा घर ह्याच राज्यात असलं तरच इथला दाखला! धोंडबा म्हणे, "साकोली के पास, जिला भंडारा." "वो तो महाराष्ट्र है." "आज है साहेब! पचास में मध्यप्रदेश था, राजधानी नागपूर थी!" "राजधानी भोपाल है." "आज है!" "तो मैं क्या कल की कुर्सी पे बैठा हूँ?" घ्या! आता काय बोलता? धोंडबा खिडकीचा गज धरून, "अजी, गाव जागचं हाललं नाही, राज्य हाललं!" बाबू म्हणे, "हिंदी में बोलिए."

मंग पॅसेंजर धरून भंडाऱ्याले. तिथला बाबू आपल्या बोलीचा, प्रेमाचा. "काका, बसा, पाणी घ्या. दाखला देऊन टाकतो ना, पण तो इथीच चालते. पोरीले नोकरी कुठी पायजे?" "तिकडे." "मंग दाखलाबी तिकडचाच आणा!" पाणी पाजून परत पाठवलं! इकडचा म्हणते तू तिकडचा, तिकडचा म्हणते तू इकडचा... अन् गाव? गाव जागचं हाललं नाही, राज्य हाललं!

शालू म्हणे, "बाबा, छोड़ो ना, मी ट्यूशन घेईन." अन् हा कधी न चिडणारा माणूस कडाडला, "ट्यूशन सतरंजीवर बसून घेतात!" शेवंतावहिनी तवा घासत राहिली, घासलेलाच.

मुदतीले पाच दिवस उरले तेव्हा धोंडबाले आठवली गावची शाळा. पुन्हा पॅसेंजर. हेडमास्तरनं अर्धा दिवस बस्ते उपसले, अन् निघाला राजेहो! सन पन्नासचा चवथी पासचा कागद, बापाचं नाव, जात, गाव, अन् वर ठळक छापलेलं: मध्यप्रदेश! कागद हातात घेऊन धोंडबा तिथंच रडला. तेरा वर्षांचा होता म्हणे तेव्हा, वर्गाच्या दाराबाहेर बसून पास झाला होता.

इकडच्या खिडकीवरच्या बाबूनं कागद उलटा पाह्यला, सुलटा पाह्यला, नखानं खरवडून पाह्यला, मोठ्या साहेबाले दाखवला. साहेब म्हणे, "बाबाजी ठीक कह रहे हैं. मोहर लगाओ." ठप्पा बसला! शालूचा फारम त्याच दुपारी गेला. बाहेर पडलो तर धोंडबा मले म्हणे, "तिच्या हापिसातला पंखा आपण रस्त्यावरूनच पाहून येऊ, तिले सांगू नको."

अन् चौकात येतो तर काय? ढोल, झेंडे, मोर्चा! "अलग राज ले के रहेंगे! छत्तीसगढ़ राज बना के रहेंगे!" धोंडबा जागच्या जागी थांबला. मी म्हटलं, "चाल ना बावा, उन्हात कावून उभा?" ऐकलं नाही. शिरला तसाच गर्दीत, सगळ्यात पुढच्या पुढाऱ्यासमोर हात जोडले, अन् घाईत बापडा मराठीतच बोलला...

"भाऊ, तुमचं राज्य घ्या, जरूर घ्या. फकत पोरगी एकदा खुर्चीवर बसू द्या, मंग न्या राज्य कुठी न्यायचं ते!"