सावित्रीने मागितलेली दुपार

बायकांच्या हक्कांवर वाद घालताय ना, मग आमच्या काकीचं ऐका. साठ सालच्या आसपासची गोष्ट. धामापूरच्या जत्रेत दशावतार होता आणि सावित्री होणारा नट दुपारी आमच्याकडे जेवायला आला होता. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, जो तो उभ्या उभ्या रचतो. जेवता जेवता तो म्हणाला, "वैनी, यमाकडे सासऱ्याचे डोळे मागतंय, राज्य मागतंय, घोवाचो जीव मागतंय. आणखी काय मागू?"

काकी कढी वाढत होती. पळी तशीच हातात राहिली. खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याकडे बघत, झोपेत बोलावं तशी ती म्हणाली, "ह्या सगळा दुसऱ्यांचा झाला. स्वताक म्हणान एक दुपार माग रे. तळ्याच्या पाण्यात पाय सोडून बसाचा आणि कोणी हाक मारूची नाय."

तेवढ्यात ओसरीवरून काकांची हाक आली आणि ती गेली.

पहाटे दशावतारात सावित्रीने यमाला अडवलं. "धर्मराजा, शेवटचा वर. मज एक दुपार दे. सरोवरात पाय सोडून बसेन आणि मजला कुणीही हाक मारणार नाही."

पेटी थांबली. बायकांच्या घोळक्यात काकी डोळे मिटून बसली होती, जणू पाय पाण्यातच होते.

शेवटी यमाने हात जोडले. "देवी, सत्यवानाला घेऊन जा. हवे तर आणखी चार मेलेले उठवून देतो. पण ती दुपार यमाच्याही हातात नाही."