परींचा किल्ला

पॅरामॅटा स्टेशनबाहेर, ट्रेनऐवजी सोडलेल्या बसच्या रांगेत स्वरदा उभी होती. पुढचे दोघं, गळ्यात ऑफिसची कार्डं अडकवलेले, चक्क मराठीत बोलत होते. तिने गाणं बंद केलं, इअरफोन मात्र कानात तसेच ठेवले.

"रविंद्रदादा, एका झाडासाठी अख्खा रस्ता सरकवलास? बॉस जाम वैतागलाय."

"वैतागू दे. आयर्लंडला असताना मी एक परींचा किल्ला सपाट करून बसलोय, नचिकेत."

"परींचा?"

"शेताच्या मधोमध मातीचा गोल बांध, आत काटेरी झाडं. तिथे कुणी फांदीलासुद्धा हात लावत नाही. परी म्हणजे आपल्याकडचे राखणदार समज."

"आणि तू त्यावरून रस्ता नेलास?"

"ड्रॉइंग माझंच होतं. तेव्हाही एक रेघच वळवायची होती रे. शेतकरी म्हातारा होता, रोज माझ्यासाठी चहा आणायचा. मशीन यायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, 'तुमच्या देशात असतात का अशा जागा?'"

"मग तू तुमच्या गावच्या देवराईचं सांगितलं असशील."

"आई तिथलं वाळकं पानसुद्धा उचलू द्यायची नाही."

"तेच सांगितलंस ना?"

"बाजूला साहेब उभा होता. हसेल म्हणून मी म्हटलं, छे, आमच्याकडे असलं काही नसतं."

"मग?"

"म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, 'मग तुला तरी कसं कळणार, पोरा? तुझा काही दोष नाही.'"